आमच्या दाजींचा समुद्रकिनारा

मिरजगावाच्या पंचक्रोशीत समुद्र नाही, ही गोष्ट अवघ्या जगाला मान्य आहे. एक आमचे दाजी सोडून. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, इंदूचे यजमान. आम्ही दोघी बहिणी एकाच गावात दिल्या गेलो, तेही चार घरांच्या अंतरावर, आणि गेली चाळीस वर्षं तिच्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासावरून कळतं. तेव्हा दाजींविषयी जे लिहिते आहे ते ऐकीव नाही, चांगलं भोगलेलं आहे. हा मनुष्य एसटी स्टँडवर कंट्रोलर होता. उभा जन्म काचेमागे बसून, कुठली गाडी कुठं लागली आणि कधी सुटणार ते भोंग्यातून लोकांना सांगितलं. निवृत्त झाल्यावर भोंगा गेला, आवाज तेवढा घरी आला. इंदूनं ताट वाढलं की हे ओसरीवरून सगळ्या आळीला कळेल असं म्हणणार, "जेवण लागलेलं हाय." मग आळीतल्या चार बायका मला विचारणार, आज दाजींकडं काय केलंय म्हणून.

पण हे सगळं परवडलं. खरा ताप सुरू झाला तो त्यांनी समुद्र पाहिल्यावर. त्यांचा मुलगा विहिरीवरच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करता करता कुठल्या कुठं केरळात जाऊन पोचला. तिथं समुद्राकाठी पैसेवाल्यांची एक वसाहत आहे. बंगल्यापुढं अंगण असावं तसं पाणी आणि पाण्यात ज्याची त्याची बोट. त्या बोटींची इंजिनं हा बघतो. उन्हाळ्यात दाजी दोन महिने त्याच्याकडं राहून आले. इंदूची म्हैस व्यायला झाली होती, म्हणून ती गेली नाही. आता मुलाचं म्हणणं असं की दोघांनी कायमचंच यावं, दिवाळीनंतर येऊन घेऊन जातो. दाजी एका पायावर तयार, पण इंदूला सोडून जाणार नाहीत. आणि इंदू म्हणाली, न्हाई. तिच्या त्या एका शब्दावर माझी सगळी भिस्त होती, हे मी इथं लपवत नाही. माझे यजमान गेले, लेक श्रीरामपुरात, मुलगा पुण्यात. उरली ती ही बहीण. दाजींनी मात्र असा विचार केला, की ही बाई समुद्र पाहिल्याशिवाय हो म्हणणार नाही आणि हो म्हटल्याशिवाय समुद्र पाहणार नाही. तर मग समुद्रच गावात आणावा. यंदा आमचा पाझर तलाव काठोकाठ भरला होता. एरवी फाल्गुनात त्यात मेंढरं बसतात.

तिकडं म्हणे लोक संध्याकाळी नुसते मजा करतात. ती मजा दाजींनी इकडं वेळापत्रकाला बांधली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहून कागद बांधावरच्या बाभळीला टांगला. पाच वाजता फिरणे. साडेपाचला टेकून पाणी बघणे. पावणेसहाला गारेगार. सहाला सूर्यास्त. मी एकदा सव्वापाचलाच टेकले, गुडघे धरले होते म्हणून, तर मला उठवलं. म्हणाले, "अक्का, आजून फिरायची येळ हाय." अंगात अर्धी चड्डी, डोळ्यांना काळा चष्मा, डोक्याला मुलानं दिलेली पांढरी टोपी, आणि समोरून सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या बाईलासुद्धा "गुड इव्हनिंग". त्या बिचारीनं पदर सावरायचा की मोळी? गारेगारवाल्याला मिरजगावाहून सायकल मारत यायला लावलं, ऐन थंडी पडायच्या तोंडावर. ते गारेगार खाऊन मी आठवडाभर खोकत होते, आणि हे रोज येऊन विचारत होते, मजा आली का. दिवस लहान होत गेले तसा सूर्य सहाच्या आधी बुडायला लागला. त्याचाही त्यांना राग. घड्याळ बघून म्हणायचे, "आज बी टायमाच्या आधी सुटला." पाचाला मेंढरं पाण्यावर यायची, तर धनगराला सांगितलं, जरा सातनंतर आण, फिरणाऱ्यांची अडचण होते. तो काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "मेंढरास्नी टाइम कळत न्हाई, दाजी. तहान कळती."

बोटींचं वर्णन तर मला तोंडपाठ झालं होतं. बैलबाजारात दावणीला जोड्या बांधतात तशा शेकडो बोटी ओळीनं बांधलेल्या, पांढऱ्याफेक, आणि त्यातली एक कुठं जाईल तर शपथ. मालक रविवारी येतो, बोट धुतो, तिच्यात बसून चहा पितो आणि घरी जातो. मी म्हटलं, दाजी, जी गाडी सुटायचीच नाही ती स्टँडला लावायची कशाला? आणि एरवी चिडणारा हा माणूस त्या दिवशी काळा चष्मा काढून म्हणाला, "अक्का, मी जन्मभर सुटणाऱ्या गाड्या बघितल्या. निवांत उभी ऱ्हायलेली पयल्यांदाच तिथं बघितली." मला नेमका तेव्हाच खोकला आला.

गळ टाकण्याचा प्रकार तर विचारूच नका. तलावात नाथाभाऊ जाळं लावून मासे धरतो, त्याचा तो पिढीजात धंदा. त्याच्या शेजारी दाजी खुर्ची टाकून तीन-तीन तास गळ धरून बसत. सबंध महिन्यात एक मासा लागला, बोटाएवढा. तो त्यांनी सगळ्यांना दाखवला आणि परत पाण्यात सोडला, कारण तिकडं तसंच करतात. नाथाभाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, "सोडायचाच हुता तर त्याला बोलावला कशाला?" इंदू या सगळ्याला मान हलवायची, हसायची आणि धारेची वेळ झाली म्हणून उठून जायची. तिची पाठ दिसली की मला हायसं वाटायचं. एवढं करून दाजी हरणार, हे मी मनात पक्कं धरलं होतं. देवासमोर बसून तसं मागितलंही, आता खोटं कशाला बोलू.

शेवटी त्यांना बोट पाहिजे झाली, आणि ती त्यांना माझ्याच दारात दिसली. आमचं पूर्वी गुऱ्हाळ होतं. रस उकळायची ती मोठी लोखंडी काहील कडुनिंबाखाली पालथी पडली होती, माझी कोंबडी तिच्याखाली अंडी घालायची. दाजींनी ती मागितली. मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली, तिसऱ्या दिवशी रंगाचा डबा घेऊनच आले. पुरात काहिलीतून माणसं उतरवतात हे मलाही ठाऊक आहे, पण पूर आल्याशिवाय शहाणा माणूस तिच्यात बसत नाही. काहील पांढरी झाली, तिला निळी पट्टी आली, कडेला वळणदार अक्षरांत "इंदू" असं लिहिलं गेलं. त्यावर इंदू लाजली. साठी उलटलेली बाई, नाव रंगवलं म्हणून लाजते! त्या रात्री मी देवापुढं आणखी एक वात लावली.

दिवाळी आठ दिवसांवर होती. इंदू म्हणाली, एवढं केलंय तर बसते एकदा, म्हणजे यांचा जीव थंड होईल. नाथाभाऊनं काहिलीच्या कडीला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. इंदू मधोमध मांडी घालून बसली, दाजी छत्री उघडून बसले आणि काठावरच्या पंधरा माणसांना उद्देशून म्हणाले, बोट सुटत हाय. आता काहील गोल. बोटीला तोंड असतं, काहिलीला नसतं. नाथाभाऊनं ढकलली तशी ती सरळ जायच्याऐवजी जागच्या जागी फिरायला लागली, जात्यासारखी. तिकडच्या इंजिनांची, वल्ह्यांची, वाऱ्याची सगळी माहिती असलेल्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. पहिल्या फेऱ्याला दाजी हसले, दुसऱ्याला त्यांनी छत्री मिटली, चौथ्याला डोळे मिटले. दाजींना पोहता येत नाही, हे त्यांनी आत बसल्यावर सांगितलं. मी काठावरून नाथाभाऊला शिव्या घालत होते, ओढ म्हणून ओरडत होते. आणि मध्ये माझी बहीण, एका हातानं काहिलीची कड धरलेली, दुसऱ्या हातात नवऱ्याचं मनगट, पदर उडालेला, चेहरा उजळलेला, आणि हसू आवरत नाही असं हसत होती. लग्नाच्या आधी आम्ही विहिरीवर जायचो, तेव्हा ती अशी हसायची.

बाहेर आल्यावर दाजी बाभळीखाली आडवे झाले आणि ओकले. वेळापत्रक वाऱ्यानं फडफडत होतं, पण त्यांनी मान वर केली नाही. इंदू माझ्यापाशी बसून लुगड्याचा ओला काठ पिळत होती. पिळता पिळता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "अक्का, मी जाईन म्हणते."

मी म्हटलं, काहिलीत बसून तुला भोवळ आली आहे. समुद्र म्हणजे हा तलाव नाही.

"समुद्राचं ऱ्हाऊ दे गं. यांनी जन्मभर साऱ्या तालुक्याला गाडीत बसवून दिलं. मला कुठं नेलं न्हाई, जेजुरीला बी न्हाई. आता दाखवावं वाटतंय त्यांना, तर बघाया नगं का कुणी?"

म्हैस कोण बघणार, एवढंच मी विचारलं, आणि विचारलं तेव्हाच मला कळलं की ती माझ्या दावणीला येणार.

आली. रेडकासकट आली. मुलगा ठरल्याप्रमाणे येऊन दोघांना घेऊन गेला. जाताना दाजींनी माझ्या पाया पडून, अक्का, तुमी बी या, असं जे म्हटलं ते इतक्या हळू आवाजात, की मी दोनदा विचारलं. त्या माणसाला हळू बोलता येतं हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. आता रोज संध्याकाळी, मी धार काढून उठते न उठते तोच फोन वाजतो, तोंड दिसायचा फोन. इंदू कठड्याला टेकलेली असते. अक्का, ही बघ पांढरी, ही निळ्या शिडाची, तो बघ म्हातारा कुत्र्याला बोटीत बसवून आणतो. फोन असा फिरवते की मला सगळं पाणीच दिसतं, करडं, हलणारं, आणि मागून दाजींचा आवाज येत असतो, डावीकडं दाखव, डावीकडं. मी हो हो म्हणते, छान आहे म्हणते. म्हैस मागं दावं ओढत असते. मग न राहवून म्हणते, इंदे, समुद्र पाहिला बाई, आता जरा तुझं तोंड दाखव.