विमानातल्या बाई

वर्गात पाऊल टाकलं की बाई फळ्याकडे बघायच्याच नाहीत. आधी दारं बघायच्या. कडी ओढून बघायच्या, खिडकी उघडते का ते बघायच्या, मग म्हणायच्या, "हं, बसा आता. घाई नाही, पण उशीरही नाही."

तुमच्याही शाळेत कुणाच्या तरी रजेवर अशा बदली बाई येऊन गेल्या असतील. कधी आल्या, कधी गेल्या, आठवतही नसेल. या बाई मात्र माझ्या मनातून जात नाहीत.

कळंब तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायचे. इंग्रजीच्या बाई बाळंतपणाला गेल्या आणि त्यांच्या जागी या आल्या. आधी हवाई सुंदरी होत्या. मूल होणार म्हटलं की नोकरी सोडायची, असा तेव्हा तिथला नियम. नवरा नव्या सहकारी साखर कारखान्यावर इंजिनिअर, म्हणून इकडे आल्या आणि बी.एड. केलं. "ज्या कारणानं ती नोकरी गेली, त्याच कारणानं ही मिळाली," असं सांगून खळखळून हसायच्या.

पोरांनी त्यांचं नाव पाडलं, विमानातल्या बाई. एकीनं विचारलं, "बाई, वरून आमचं गाव कसं दिसतंय?"

"मागच्या दुष्काळात मी वर होते. ढगच नव्हते, त्यामुळं सगळं स्वच्छ दिसायचं. नुसती माती. माणसं मात्र दिसत नाहीत गं तेवढ्या उंचीवरून."

शाळा भरायची सोसायटीच्या जुन्या गोदामात. एकच लांब शेड, मध्ये पत्र्याचे आडोसे. मागचं दार मोडक्या बाकांनी बुजलेलं. दुसऱ्याच दिवशी बाईंनी शिपाईमामांना गाठलं.

"मामा, हे दार मोकळं करू या."

"त्या दारानं कोण जातंय बाई? लई गंजलंय ते."

"उद्या तेल आणते."

आणलं. पदर खोचून स्वतः बाक ओढले. मग दर शनिवारी पोरांनी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या दारानं बाहेर पडायचं. हेडमास्तर मला हळूच म्हणाले, "विमानाची सवय हो. आपलं गोदाम काय उडत न्हाय."

त्या वर्षी पुन्हा पाऊस नव्हता. शाळेसमोर जनावरांची छावणी पडली आणि कडब्याच्या गंजी पुढच्या दारापर्यंत आल्या. एका दुपारी गंज पेटली. वारं आमच्याच दिशेनं. बघता बघता शेड धुरानं भरली आणि पोरं रोजच्या दाराकडे, म्हणजे आगीकडेच धावली. मी हातात खडू घेऊन नुसती उभी.

तेवढ्यात आवाज आला. "खाली वाका! दप्तरं टाका! माझ्याकडं या!"

एरवी मवाळ बोलणाऱ्या बाईंचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात राग नव्हता, भीतीही नव्हती. धावती पोरं जागच्या जागी वळली. वाकून, खांदे धरून, मागच्या दारानं एकामागून एक बाहेर पडली. बाई दारात उभ्या राहून प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत होत्या. शेवटी मीही बाहेर आले.

मग बाईंनी माठातल्या पाण्यात पदर भिजवून तोंडाला लावला आणि परत आत निघाल्या.

"आवं बाई, समदी आल्यात! नका जाऊ!" हेडमास्तर ओरडले.

"बघितल्याशिवाय नाही."

बाहेर आल्या तेव्हा कडेवर पाचवीतली एक मुलगी होती. भिऊन बाकाखाली दडून बसली होती.

बाई लिंबाखाली टेकल्या. मी पाणी दिलं, तर पेला त्यांनी आधी त्या मुलीच्या तोंडाला लावला. "मला हे कधीच करावं लागलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "कंपनीत दर वर्षी नुसतं शिकवायचे आम्हाला. विमानात कधीच नाही."

मूळच्या बाई रुजू झाल्या आणि यांची मुदत संपली. हेडमास्तरांनी खूप खटपट केली, पण जागाच नव्हती. मग कधी जवळचं वाशी, कधी तेरखेडा, जिथं कुणी रजेवर जाईल तिथं त्या जात राहिल्या.

पुढं काही वर्षांनी तुळजापूरहून निघालेल्या एसटीत त्या दिसल्या. मी पार मागं, मध्ये खच्चून गर्दी. त्यांनी आपली जागा एका म्हातारीला दिली होती. रस्ता असा की आम्ही सगळे दांड्याला लोंबकळून एकमेकांवर आदळत होतो. बाई मात्र काहीही न धरता सरळ उभ्या होत्या.

"पडशील की गं लेकी, धर कशाला तरी," म्हातारी म्हणाली.

"सवय आहे, आजी."

अणदूरला त्या उतरल्या. मी काचेतून हाक मारली, पण बस सुटली होती. धुरळ्यात त्यांची पाठ तेवढी दिसली, शाळेच्या वाटेनं निघालेली.