टाकीला पाजलेलं आगळ

आमच्या मागच्या अंगणात गॅसची काळी टाकी बसली, तेव्हा आमचे हे म्हणाले, "घरात आणखी एक खाणारं तोंड वाढलं." खोटं नाही हो. भाजीची देठं, शिळा भात, चहाचा चोथा असं सगळं पाण्यात कालवून रोज सकाळी तिला भरवायचं. ती ते पोटात कुजवते, वरचं झाकण गॅसने फुगून वर येतं आणि माझा चहा नि भात त्यावर होतो. खालून जे काळं पाणी निघतं ते माडांना. माड खूश, मी खूश. नाखूश एकच, माझी धाकटी जाऊ. तिचं घर शेजारीच, मधे चिऱ्यांचा एवढासा गडगा. गडग्याला वास थोडाच अडतो!

मे महिन्यात घरात हापूस आले आणि साली पाटी भरभरून टाकीत जायला लागल्या. एक दिवस शेगडी अशी मरगळली की चहाला उकळी फुटेना. मी विचार केला, आंबा उष्ण. आमच्या ह्यांना चार खाल्ले की पित्त होतं, ही तर पाटीभर खाते! आणि पित्तावर आमच्याकडे औषध एकच, रातांब्याचं आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला आंबट रस. गेल्या सालची बरणी उरली होती, ती आख्खी ओतली. "घे बाई, थंड हो," म्हटलं. टाकी बसवणारा सांगून गेला होता, आंबट-खारट घालू नका म्हणून. पण ते जेवणाचं झालं. मी औषध दिलं होतं!

दुसऱ्या दिवशी असा वास सुटला की कावळेसुद्धा अंगणात उतरेनात. जाऊ पदर नाकाला लावून गडग्याशी आली.

"वैनी, रविवारी राजापूरची माणसं येतायत पोरीला बघायला. आठवण आहे ना?"

आठवण कशी नसणार! आमच्या पुतणीने इतकी स्थळं नाकारलेली, की सांगणाऱ्यांनी सांगायचं सोडलं होतं. हा पहिलाच, ज्याचा फोन आला की ती हसत हसत परसात जायची.

"हे स्थळ मोडलं ना," जाऊ म्हणाली, "तर तुमचं हे पिंप मी समुद्रात बुडवीन. सांगून ठेवते."

मी गवती चहा उकळून त्याचं पाणी शिंपडलं. टाकीभोवती उदबत्त्या लावल्या. हे म्हणाले, "आरती पण करूया काय?" मी म्हटलं, "तुम्ही आत जा."

रविवारी मुलगा आणि त्याचे आईवडील आले. जावेच्या पडवीत बसले, पोह्यांच्या बशा फिरल्या, आणि नेमका वारा फिरला. मुलाच्या आईने नाक वर केलं.

"कसला हो वास येतोय?"

पुतणीने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, मीच जाते समुद्रात. एवढ्यात जाऊ, दोन दिवस माझ्याशी धड न बोललेली, पटकन म्हणाली, "फणस! मागल्या दारी बरका पिकलाय ना."

"बरका?" मुलाचे वडील सरसावून बसले. "अहो, मग काढा की! आमच्या झाडाला यंदा एक धरला नाही."

जावेने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आमच्या दोघींच्या दारात फणसाचं झाडच नाही.

मी मागल्या दाराने सुटले. पलीकडच्या घरी नशिबाने एक पिकलेला होता. तो कमरेवर घेऊन, चिकाने नवी साडी बरबटून, धापा टाकत आले. हाताला तेल लावून फोडला. ते बुळबुळीत गरे गिळताना मुलाच्या हनुवटीवर रस ओघळला, पुतणी खुदकन हसली आणि तोही हसला. मला जरा धीर आला. तेवढ्यात मुलाची आई उठली. "हात चिकट झाले, धुऊन येते," म्हणत सरळ मागल्या दाराला!

मी धावले, पण उशीर झाला होता. बाई गडग्याशी उभ्या राहून टाकी बघत होत्या, आणि विझलेल्या उदबत्त्या.

"काय घातलंत हिला?"

"आगळ," मी म्हटलं. खोटं तरी काय बोलणार?

"का हो?"

"पित्त झालं होतं."

बाई एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की शेवटी त्यांना माडाला धरून उभं राहायला लागलं. "अहो, आमच्याकडे पण टाकी आहे. मी तर लोणच्याचा खार ओतला होता! आता थोडे दिवस उपाशी ठेवा आणि ताजं शेण कालवून घाला, होईल बरी."

"म्हणजे वास तुम्ही ओळखलात?"

"पडवीत पाय ठेवतानाच. पण विहीणबाई फणस म्हणाल्या. म्हटलं, बघूया तरी कुठून आणतात तो!"

पुढचं मी ऐकलंच नाही. स्वयंपाकघरात जाऊ तेलकट हात घेऊन उभी होती, तोंड पांढरं पडलेलं.

"कळलं ना त्यांना, वैनी?"

"कळलं," मी म्हटलं. "नि तुला विहीणबाई म्हणाल्या गो त्या."

ती तशीच मटकन खाली बसली, गरे काढून उरलेल्या फणसाच्या काटेरी चारखंडावर.