राग आला की बसायचं

एका होडीत चार डोकी वर्षानुवर्षं बसली की किस्से साठतातच. मासळी दुपारपर्यंत नासते, हे नासत नाहीत.

आमचा तांडेल इब्राहिमचाचा. होडी त्याची, हुकूम त्याचा. एका ईद-ए-मिलादला आम्ही म्हटलं, होडीला पताका लावूया. चाचा म्हणाला, "पताका वारो घेवन जाता. नबीसाहेबांनी सांगितलेला एकेक काम घेवा नि रोज करा. जो सोडीत, तेणी माझ्या होडयेत चढाचा नाय."

*

आमच्या होडीवरच्या हसनने वाटेतले दगड उचलायचं काम घेतलं. सोपं बघून घेतलं लबाडाने. दुसऱ्याच दिवशी बंदराची वाट साफ. संध्याकाळी मुकादम बोंबलत आला. नव्या रस्त्याला त्यानेच खडी पसरली होती! हसनने सगळी परत पसरली.

*

माझ्या बायकोनेही घेतलं. कालवणात पाणी वाढवायचं आणि शेजाऱ्याला द्यायचं. शेजारी पास्कू, ख्रिस्ती, दुसऱ्या होडीचा तांडेल. आठवडाभर गुमान जेवला. मग कुंपणावरून म्हणाला, "वैनी, पाणी माझ्या बावीत पण आसा. तू आपलो बांगडोच धाड."

त्या दिवसापासून बांगडा जायला लागला. माझ्या ताटातला.

*

मला चाचाने निवडूच दिलं नाही. "तुका राग. उभो आसलंस तर बसाचा. तरी गेलो नाय तर आडवो पडाचा. तसाच सांगितलेला हा. हात उचललंस तर होडयेतसून खाली."

माझी होडी नाही, जमीन नाही. त्या होडीवर घर चालायचं.

मग काय, बसत सुटलो. लिलावात बसलो, न्हाव्याच्या दारात बसलो. कचेरीत बसलो तर शिपाई खेकसला, "साहेबांनी बसायला सांगितलंय का?"

म्हटलं, "तुमच्या नाही, आमच्या."

*

एकदा पास्कूच्या होडीने आमचं जाळं मधोमध फाडलं. किनाऱ्यावर आलो तर वर मलाच म्हणतो, "जाळा वाटेत टाकतंस कित्याक? डोळे खंय इकलंस?"

माझ्या हातात वल्हं होतं. सगळा किनारा बघत होता, चाचा पण. वल्हं टाकलं नि बसलो. पास्कू डोक्यावर उभा राहून बोलतोच आहे. राग जाईना. मग ओल्या वाळूत सरळ आडवा झालो, आभाळाकडे तोंड करून.

पास्कूने इकडेतिकडे बघितलं. आडव्या माणसाशी भांडायचं कसं?

चाचा जवळ आला. "गेलो राग?"

"थोडो आसा."

"पड मगे." त्याने पास्कूकडे बघितलं. "तुजो?"

"माजो पण आसा," पास्कू म्हणाला आणि माझ्या पलीकडे आडवा झाला.

बाजूला त्या दिवशीची मासळी लिलावाला ओळीने मांडली होती. मासे विकणारी एक म्हातारी पाटी घेऊन आली. ओळ बघत बघत आमच्यापर्यंत पोचली आणि थांबली.

"चाचा, ह्ये दोन मोठे कितक्याक?"

"अलीकडचो इकूचो नाय," चाचा म्हणाला. "तो माझ्या होडयेचो आसा."