कोमट ओढा

भूजल कार्यालयात त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. सगळ्यांचे ते अंदाजेसाहेब. विहिरीतून पाणी उपसलं की शेजारचा ओढा कितीनं उतरेल, याचा अंदाज बांधण्यात हयात गेली, त्यामुळे तोंडाला वळणच तसं पडलेलं. मुलं किती, असं कुणी विचारलं तरी "अंदाजे दोन" म्हणून मोकळे! बायको कपाळावर हात मारून घ्यायची. आणि हे किस्से गावभर करणारे दुसरे कुणी नाही, ते स्वतःच. आपली फजिती दुसऱ्याला नीट सांगता येणार नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

पण बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यानं ओढ्याकाठी विहीर खणली आणि गंमत अंगाशी आली. त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला त्यांच्या थोरल्या बहिणीची रोपवाटिका. मेहुणे वारल्यापासून ताईचं घर त्या रोपांवर चाले, आणि रोपं ओढ्यावर. कारखान्याला परवाना द्यायचा की नाही, हे अंदाजेसाहेबांच्या अहवालावर ठरणार होतं.

"बहीण आहेस म्हणून झुकतं माप देणार नाही हं," त्यांनी साहेबी आवाजात बजावलं.

"माप ठेव तुझ्याकडे. पाणी तेवढं राहू दे," ताई म्हणाली.

ओढ्यात आडवी पत्र्याची फळी रोवली. तिच्या खाचेतून पडणारी धार मोजायची, म्हणजे ओढा किती वाहतो ते कळतं. वर विहिरीवर चाचणीचा पंप सुरू झाला आणि चांगला आठवडाभर चालला. धार कमी होईना. उलट किंचित फुगली! दुसरा कुणी चक्रावला असता. अंदाजेसाहेब खूश झाले. ओढ्याखाली चिकणमातीचा जाड थर असणार, विहिरीचं पाणी वेगळंच असणार, वर कुठे सर पडून गेली असणार, असं सगळं त्यांनी बसल्या जागी जमवून टाकलं. ओढ्याला धोका नाही, असा अहवाल वरिष्ठांच्या टेबलावर गेला, आणि हे ताईला चांगली बातमी द्यायला निघाले.

ताई कडाक्याच्या थंडीत रोपांच्या कुंड्या धूत बसली होती. तिनं चहाचा कप पुढे केला. बातमी ऐकून म्हणाली, "बरं झालं बाई. पण तुझा पंप होता तेव्हा मजा होती. पाणी कसं कोमट यायचं! आज बघ, बोटं गारठलीत."

थंडीत कोमट असतं ते जमिनीतलं पाणी, हे तर अंदाजेसाहेब नव्या भरतीच्या पोरांना दरवर्षी शिकवत. कप तसाच ठेवून ते विहिरीकडे धावत सुटले. पंपाचा पाइप एका चरात सोडलेला होता, आणि चर झुडपांमागून वळसा घेऊन थेट ओढ्यात, तोही फळीच्या वरच्या अंगाला! पाइप इथे सोडा, असं बोट दाखवून कुणी सांगितलं होतं? ह्यांनीच. विहिरीनं ओढलेलं पाणी ते ओढ्यालाच परत पाजत होते, आणि वर त्याची तब्येत सुधारल्याचं लिहून देत होते.

"वा रे गाढवा!" ते मोठ्यानं म्हणाले. आसपास दुसरं गाढव नव्हतं, त्यामुळे गैरसमजाला जागा उरली नाही.

तसेच चिखलाच्या बुटांनी वरिष्ठांकडे जाऊन त्यांनी अहवाल मागे घेतला. आतल्या खोलीत हशा पिकला, त्यात तेही हसले, पण कानशिलं तापली होती. पुन्हा चाचणी झाली. या वेळी पाइप रोपवाटिकेच्याही पार खाली नेला. धार दिवसागणिक बारीक होत गेली. परवाना नामंजूर करावा, असं लिहून त्यांनी पंप बंद करवला.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. "पंप बंद केलास ना रे? मग पाणी अजून उतरतंय कसं?"

ते जाऊन तिच्याशेजारी काठावर उभे राहिले. "उपशानं जमिनीत पोकळी पडते ताई. आधी ती भरते, मग ओढा सावरतो. जमिनीला कळायला वेळ लागतो."

"तुलाही लागलाच की," ताई म्हणाली. मग हसू विरलं. वाफ्यांकडे बघत तिनं हळूच विचारलं, "येईल ना परत?"

"येईल."

"अंदाजे?"

"नाही," अंदाजेसाहेब म्हणाले. "येईल."