शेवटाआधी उठणारा

मी फोन चालू केला तेव्हा थिएटरच्या पडद्यावर अजून नावं सरकत होती. इरफानच्या चार मिस्ड कॉलचे मेसेज आले. मला हसू आलं, कारण माझ्या समजुतीप्रमाणे तो आत्ताच शेजारून उठून गेला होता. मी फोन लावला. पलीकडून अनोळखी आवाजानं विचारलं, "हा फोन ज्यांचा आहे, त्यांचे तुम्ही कोण?" मी म्हणालो, मित्र. मग त्या माणसानं त्याच्या घरच्यांचा नंबर मागितला... त्यातच मला कळलं. दुपारची वेळ, बाहेर शिरूरचं कडक ऊन, आणि माझ्या पायाशी इरफानची करडी पिशवी पडलेली. याला आता सहा आठवडे झाले. या पुरवणीत आम्ही दोघं मिळून लिहायचो, हा मजकूर मात्र मी पहिल्यांदाच एकट्यानं लिहितो आहे.

मी खुटबावचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला मीच, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. वडिलांनी ते प्रमाणपत्र देवाच्या फोटोशेजारी टांगलं आहे. इरफान दौंडचा, कॉलेजात माझ्याच बाकावर. दुसऱ्या वर्षाला त्यानं कॉलेज सोडलं, रांजणगावला कंपनीत लागला आणि कारेगावात खोली घेऊन राहिला. मी शिरूरला नोकरीला आलो तेव्हा आमची पुन्हा गाठ पडली. मला तो नावानं हाक मारायचाच नाही. "ए पदवीधर, शुद्धलेखन तुझं, डोळं माझं," एवढ्या करारावर आमचं सदर सुरू झालं. दर वेळी एक सिनेमा, आणि त्याच्या शेजारी एखादा नवा गेम आणि एखादी वेबमालिका. ही मांडणी त्याचीच. मालिका तो कंपनीच्या बसमध्ये बघायचा, गेम सुट्टीच्या दिवशी खोलीवर खेळायचा, आणि म्हणायचा की तिन्ही एकाच ताटात वाढल्याशिवाय कशाला मीठ कमी आहे ते कळत नाही. मी वाक्यं सरळ करायचो. चव त्याची असायची.

सिनेमा आम्ही शुक्रवारी बारा वाजताचा बघायचो, त्याला दुसरी शिफ्ट असेल तेव्हा. शिरूरहून कंपनीची बस सव्वादोनची, त्यामुळे तो दोनला उठायचा. आमच्या सदराचं हे गुपित आज सांगून टाकतो... इरफाननं परीक्षण केलेल्या एकाही सिनेमाचा शेवट थिएटरात बघितला नव्हता. मध्यंतरात तो कंपनीच्या कँटीनच्या कुपनामागं शेवट काय होणार ते लिहायचा, चार घड्या घालून माझ्या खिशात सरकवायचा आणि सिनेमा संपल्यावर मी ते उघडायचो. सदराच्या तळाशी जी ओळ छापून यायची, 'इरफानचा अंदाज: बरोबर' किंवा 'चूक', ती तिथून यायची. 'चूक' क्वचितच. एकदा मी म्हणालो, एक दिवस थांब की शेवटापर्यंत. तर म्हणाला, "बस चुकली तर खाडा पडतो. शेवट चुकला तर तू हाईस."

त्याचे नियम दोन. पहिला, फोन बंद. नुसता आवाज बंद करून चालायचं नाही, थरथरला तरी डोळे जातातच म्हणायचा. दुसरा नियम उठण्याचा. त्या जुन्या थिएटरातल्या खुर्च्यांची बसायची फळी, माणूस उठला की फाटकन वर आपटते. इरफान कडेच्या खुर्चीवर बसायचा आणि उठताना फळी हातानं धरून अलगद वर टेकवायचा. बाकीच्यांचा रसभंग नको. त्यामुळं तो कधी गेला हे मला कळायचंच नाही. मान वळवली की खुर्ची मिटलेली दिसायची.

शेवटचा सिनेमा सुपरहिरोचा होता, पण एकट्याचा. मागचे दहा भाग बघून यायची अट नाही, मदतीला येणारी टोळी नाही. इरफान असल्याच सिनेमाची वाट बघत होता. नायक वीज खात्यातला लाइनमन. धक्का बसून वीज त्याच्या अंगात साठायला लागते. मध्यंतर होतं तेव्हा शहर वाचवायला तो पेटलेल्या सबस्टेशनमध्ये शिरतो आणि शिरण्याआधी पायातले सेफ्टी शूज काढून फाटकाशी नीट जोडीनं ठेवतो. चहा पिताना इरफान भलताच खुशीत होता. त्याचं म्हणणं, गेममध्ये मेलेला गडी मागच्या चेकपॉइंटला उभा राहतो, म्हणून गेममध्ये मरणाची भीती वाटत नाही. मालिकेत मेलेला तिसऱ्या सीझनला परत येतो, म्हणून तिथं रडू येत नाही. नुकताच त्यानं एक गेम संपवला होता, त्यातली एकटी गिर्यारोहक पडली की पुन्हा पायथ्यापासून चढते. तो म्हणाला, तेवढा एक गेम प्रामाणिक आहे. आणि या सिनेमाला पुढचा भागच नाही, तेव्हा हा गडी मेला तर खराच मरेल. "म्हंजी बघ, पहिल्यांदाच माझ्या पोटात गोळा आलाय, पदवीधर." मग कुपनावर लिहिलं, घड्या घातल्या, माझ्या खिशात टाकलं. त्याची अर्धी राहिलेली समीक्षा ती एवढीच.

दोन वाजून गेले असतील. मी कडेला बघितलं तर फळी खालीच होती, आणि तिच्यावर काहीतरी काळसर उभं. मी खूश झालो. हलक्या आवाजात म्हणालो, "आज बस सोडली वाटतं?" उत्तर आलं नाही, पण ऐन रंगात आल्यावर तो कधीच बोलत नसे. पुढचा अर्धा-पाऊण तास मी त्याच्या शेजारी बसून सिनेमा बघितला. दोनदा त्याला काहीबाही सांगितलंही. खरं सांगतो, एकदाही मला शेजारी कोणी नाही असं वाटलं नाही. उलट तो अंमळ जास्तच जवळ बसलाय असं वाटत होतं... शेवटच्या दृश्यात पहाट होते. फाटकाशी ते बूट तसेच असतात. बराच वेळ नुसते बूट. मग चौकटीबाहेरून एक भाजलेला हात येतो आणि ते उचलतो. त्याच क्षणी माझ्या शेजारची फळी फाटकन वर आपटली. मनात आलं, आज कसा काय विसरला धरायला? दिवे लागले. खुर्ची मिटलेली, आणि खाली पिशवी. पिशवीत त्याचे सेफ्टी शूज.

बाकीचं नंतर कळलं. सकाळी तो चपला घालून, बूट पिशवीत घेऊन आला होता. इतक्या वर्षांत बूट पहिल्यांदाच विसरला, आणि बुटांशिवाय कंपनीचं फाटक ओलांडता येत नाही. कारेगावच्या आसपास बसमध्ये त्याच्या ध्यानात आलं. मला फोन लावले, मी गाडीवर आणून दिले असते म्हणून. माझा बंद. त्याच्याच नियमानं. शेजारी बसलेल्याला "मित्राकडं हायत, जाऊन घिऊन येतो" म्हणाला आणि उतरला. शिरूरकडं येणारी गाडी पकडायची तर हायवे ओलांडायला हवा...

महिनाभर ते कुपन मी उघडलं नाही. उघडलं की सदर संपलं, असं काहीतरी डोक्यात होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मला इरफानच्या घरी तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं. शेवटी पिशवी घेऊन दौंडला गेलो. त्याच्या अब्बांची सगळी नोकरी रेल्वेत गेलेली. मी त्यांना सगळं सांगितलं, फोन बंद होता तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मी विचारलं, अपघात नेमका किती वाजता झाला? माझ्या डोक्यात ती फळी होती. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "येळ जुळवू नगा, बेटा. मी जिंदगीभर येळा जुळवल्या. गाडी गेल्यावर जुळवून काय हाती लागत न्हाई." मग म्हणाले, त्यानं काय लिहिलं होतं ते तरी वाचा.

कुपन घामानं मऊ पडलं होतं. घड्या उलगडल्या. इरफानचं तिरकं अक्षर: 'परत येतो. बूट न्यायला तरी येतोच.'

अब्बांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग सिनेमात काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. निघताना मी पिशवी त्यांच्या खाटेपाशी ठेवली, तर त्यांनी उचलून माझ्या हातात दिली. "ही हितं कशाला? तो तिकडं यायला निघाला व्हता. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

तेव्हा आमचं राहिलेलं काम आज पुरं करतो. सिनेमा चांगला आहे. मधला भाग ताणलेला आहे, खलनायक कागदी आहे, पण त्या बुटांसाठी बघावा. इरफानचा अंदाज: बरोबर.

गेल्या शुक्रवारी मी बाराच्या खेळाला गेलो. तिकिटं दोन काढली. कडेच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, बूट जड आहेत, फळी खाली राहते. दोन वाजल्यानंतर मी त्या बाजूला बघितलं नाही. फोन मात्र चालू ठेवून मांडीवर घेऊन बसलो होतो. आता तो नियम मी पाळत नाही.