मेमरी कोण खातं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जळगावच्या एका पाइप कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागात होते. आमच्या घरात शेतीबाहेर नोकरीला लागलेली मी पहिलीच. आमच्या गावी, पहूरला, वडील लोकांना सांगायचे, "पोरगी थंड खोलीत बसते." खोली थंडच होती, पण ती माणसांसाठी नव्हती. तिथे दोन सर्व्हर होते. परगावच्या ऑफिसांची आणि विक्रेत्यांची सगळी ईमेल त्यांच्यावर यायची. दोघांपैकी एक काम करायचा, दुसरा तयार उभा असायचा. पहिला पडला की दुसऱ्याने काम उचलायचं. या जोडीला क्लस्टर म्हणायचे आणि पाहुणे आले की आमच्या विभागाचे साहेब त्यांना ती काचेतून दाखवायचे.

सर्व्हरजवळ दिवसभर बसणारे भाऊ धरणगावचे. ते पूर्वी तारेसारखे छापील निरोप पाठवणारं टेलेक्स यंत्र चालवायचे. टेलेक्स बंद झाल्यावर त्यांना इथे बसवलं होतं. बॅकअपची टेप बदलायची, मशीन अडलं तर मला हाक मारायची, एवढंच त्यांचं काम. उरलेल्या वेळात ते सर्व्हरच्या पडद्यावर पत्त्यांचा खेळ मांडून बसत. मी हसून म्हणायचे, "भाऊ, साहेब बघतील." ते म्हणायचे, "बघू दे. झोपण्यापेक्षा बरं ना, ताई?"

त्या उन्हाळ्यात ईमेल अडकायला लागली. सकाळी सगळं सुरळीत असायचं. दुपार झाली की मेमरीचा आलेख चढत जायचा आणि खाली यायचं नावच घ्यायचा नाही. शेवटी सर्व्हर इतका मंदावायचा की साधं पत्रसुद्धा निघेना. मी काम दुसऱ्या सर्व्हरवर वळवायचे. तो थोडा वेळ पळायचा, मग त्याचीही तीच गत. दोन्ही मशीन एकाच पद्धतीने कशी बिघडतील? म्हणजे दोष मशीनमध्ये नव्हता, त्यांच्यावर चालणाऱ्या कशात तरी होता. मी हे साहेबांना सांगितलं. सर्व्हर विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर फोनवर एकच सांगत होता, मेमरी वाढवा.

एका दुपारी साहेब अचानक खोलीत आले. पडद्यावर पत्ते मांडलेले होते.

"मेमरी कोण खातं ते कळलं," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "सर, हा खेळ अगदीच छोटा आहे. त्याने एवढा मोठा सर्व्हर बसत नाही."

"तुम्ही त्यांची वकिली करू नका."

दुसऱ्या दिवशी भाऊंना माल लादायच्या आवारात पाठवलं. तिथे पाइपांच्या थप्प्या, ट्रकचा धूर आणि जळगावचं मे महिन्यातलं ऊन. पन्नाशीला आलेला माणूस डोक्याला रुमाल गुंडाळून गाड्या मोजत उभा राहिला. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "मशीन बरं जायं का, ताई?" एरवी ते माझ्याशी ऑफिसची मराठी बोलत. त्या दिवशी घरची बोली तोंडात आली होती.

मशीन बरं झालं नव्हतं. भाऊ गेल्यावरही आलेख तसाच चढत होता. मी साहेबांना बोलावून पडदा दाखवला. ते म्हणाले, "जाण्याआधी काहीतरी बिघडवून ठेवलं असेल त्याने."

मग मी माझ्या परीने शोध सुरू केला. रोज जेवणाच्या सुट्टीत सर्व्हरवरचा एकेक जादा प्रोग्रॅम बंद करायचा आणि आलेखाकडे बघत डबा खायचा. बॅकअपचा बंद केला, फरक नाही. फॅक्सचा बंद केला, फरक नाही. शेवटी ईमेलमधले व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम थांबवला आणि आलेख आडवा झाला. संध्याकाळपर्यंत आडवाच राहिला. दुपारी विक्रेत्यांकडून ठिबक सिंचनाचे मोठाले आराखडे यायचे. तो प्रोग्रॅम प्रत्येक आराखडा तपासायला मेमरी घ्यायचा आणि तपासून झाल्यावर परत सोडायचाच नाही. काम दुसऱ्या सर्व्हरवर गेलं की हाही तिथे जाऊन तेच करायचा. साहेब आले त्या दुपारी पडद्यावर पत्ते होते, एवढाच भाऊंचा संबंध.

तो प्रोग्रॅम उन्हाळ्याच्या तोंडावर साहेबांनी स्वतः पसंत करून घेतला होता.

मी सांगितलं तेव्हा त्यांनी आलेख बघून घेतला. मग म्हणाले, "ठीक. सुधारलेली आवृत्ती मागवू. मेमरीही वाढवून घेऊ." पुढच्या बैठकीत त्यांनी हीच हकिगत सांगितली, 'मी तपासून पाहिलं' अशी. टाळ्या पडल्या. मीही त्याच टेबलाशी बसले होते.

बैठक संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. "सर, मग भाऊंना परत बोलवायचं ना?"

"कशाला?"

"त्यांची चूक नव्हती."

"पत्ते खेळत होते की नव्हते?"

मी वरच्या साहेबांकडेही गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं काम चांगलं आहे. दुसऱ्यांच्या भानगडीत पडू नका." भाऊंना हे कळलं तेव्हा त्यांच्यापायी माझी नोकरी जाईल या धास्तीने ते माझ्यावरच चिडले. "तुमी कशाले गयात? मना करता तुमनी नोकरी जाई." दिवाळीच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. निरोपसमारंभ झाला नाही. मी त्यांच्या भेटवस्तूसाठी पैसे गोळा करू लागले, तर लोक इकडेतिकडे बघू लागले.

पुढे मीही ती नोकरी सोडली. एकदा धरणगावच्या स्टँडवर भाऊ दिसले. भावाच्या सरकीच्या दुकानात बसत होते. त्यांनी मला चहा पाजला. ज्या मुलीचे मार्क ते खोलीत कौतुकाने सांगत, तिचं विचारलं तर म्हणाले, "बारावी झाली. कॉम्प्युटरचा कोर्स करायचं म्हणते."

"मग घाला ना. हुशार आहे."

"नाही म्हटलं मी."

मी बरंच समजावलं. आता दिवस बदललेत, सगळेच साहेब तसे नसतात, असं काहीबाही. बोलताना माझं मलाच ते पटत नव्हतं. भाऊ चहाचे पैसे देऊन म्हणाले, "ताई, तुमची गाडी लागली."