दोन थेंब जिभेखाली, एक थेंब डोळ्यात

नंबरताईला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली, तर ती मागं वळूनसुद्धा बघत नाही. तीस वर्षं गल्लीचे डोळे तपासता तपासता तिचं नाव झिजून गेलं आणि चष्म्याचा नंबर तेवढा उरला. दुकान हातभर. एका भिंतीवर फ्रेमा, समोर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, मध्ये उंच खुर्ची, आणि कोपऱ्यात डोळ्यावर हवेची फुंकर मारून आतला दाब मोजणारं मशीन. या मशीनवर ती क्रोशाचं पांघरूण घालते. तिच्या मुलांना लहानपणी एवढं जपून कुणी पांघरूण घातलं नव्हतं.

तिची एक खोड सगळ्यांना माहीत आहे, तरी सगळे तिला फसतात. गिऱ्हाइकाच्या नाकावर जड चौकट चढवून ती एक काच घालते, काढते, दुसरी घालते आणि विचारते, "पहिलं बरं की दुसरं?" पण मध्येच केव्हातरी दुसरी काच घातल्याचा नुसता आवाज करते आणि पहिलीच परत ठेवते. मग जो छाती पुढं काढून "दुसरं, दुसरं, एकदम लख्ख" म्हणतो, त्याच्या पुढच्या सगळ्या उत्तरांकडे ती जरा तिरक्या नजरेनंच बघते. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं नवऱ्याला एकच साडी दोनदा नेसून दाखवली होती. तेव्हापासून तो बिचारा कशालाही "दोन्ही छान" असं म्हणतो आणि सुखात आहे.

शेजारी तिच्या थोरल्या भावाचं सलून. वडिलांचं एकच लांबट दुकान होतं, त्याच्या मधोमध प्लायवूड ठोकून दोघांनी वाटून घेतलं, आणि त्या प्लायवूडला एक दार ठेवलं. कागदोपत्री हे दार हवेसाठी आहे. खरं म्हणजे ते बातम्यांसाठी आहे. दादाच्या खुर्चीत बसलेला माणूस एका बाजूनं केस कापून घेतो आणि दुसऱ्या बाजूनं जगाचा कारभार चालवतो, तो सगळा ताईला नंबर काढता काढता ऐकू येतो. दादाचा हात असा, की त्याच्या वस्तऱ्याखाली माणसं घोरतात.

तर या दादाला तीन वर्षांपूर्वी काचबिंदू निघाला. तोही ताईच्याच मशीनवर. काचबिंदूचा त्रास असा की काहीच त्रास होत नाही. दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं कुरतडली जाते, ती परत मिळत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळ-संध्याकाळ घालायचे थेंब दिले. दादाला ते थेंब मनापासून नकोसे. झोंबतात, डोळे लाल होतात, आणि लाल डोळ्यांनी वस्तरा हातात घेतला की खुर्चीतलं गिऱ्हाईक हळूच त्याच्या तोंडाचा वास घेतं.

अशात पीटीमास्तर अवतरले. हे शाळेतून निवृत्त झालेले व्यायामशिक्षक. डोक्यावर मोजून चाळीस केस, पण दर आठवड्याला सलूनमध्ये हजर. एके दिवशी त्यांनी खिशातून बोटाएवढी तपकिरी बाटली काढली. गांज्याचं तेल. कुठून आणलं ते विचारायचं नाही. त्यानं साखर उतरते, गुडघे वळतात, झोप लागते, कर्करोग पळतो, आणि काचबिंदू तर काय, हां हां म्हणता. पुरावा काय, असं कुणी विचारलं, तर मास्तर फोनवरचा व्हिडिओ दाखवत. त्यात एक दाढीवाला हेच सगळं मास्तरांपेक्षा संथपणे सांगे. शिवाय झाडपाल्याचं आहे, त्यात अपाय कुठून येणार, हा शेवटचा ठोसा. धोतराही झाडपालाच आहे, हे तेव्हा कुणाला सुचलं नाही.

दादा रोज सकाळी साडेआठला दुकान उघडायच्या आधी दोन थेंब जिभेखाली घेऊ लागला. चौथ्या दिवशी वहिनीला बाटली सापडली आणि घरात दुसरा पक्ष तयार झाला. वहिनीच्या मते गांज्याचा एक थेंब पोटात गेला की माणूस वेडा होतो, अनवाणी फिरतो आणि शेवटी घर विकतो. तिच्या मामाच्या शेजाऱ्याचं असंच झालं होतं. ती रोज दादाच्या चपला मोजायची आणि घरातल्या कात्र्या कुलपात ठेवायची. दादा मात्र अनवाणी गेला नाही. फक्त गोष्ट सांगता सांगता कात्री हवेत धरून थांबायचा, पुढचं वाक्य विसरायचा आणि स्वतःच हसायचा. पंधरा मिनिटांची हजामत चाळीस मिनिटांवर गेली.

एका सकाळी दहाला तो दार ढकलून ताईकडे आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, बघ बरं दाब. तिनं मशीनचं पांघरूण काढलं, दोन फुंकरी मारल्या. उजवा सतरा, डावा अठरा. एकवीसपर्यंत ठीक धरतात, आणि दादाचे आकडे पूर्वी औषधाशिवाय तिशीला टेकायचे. थेंब लागू पडले म्हणून ताईला बरं वाटलं. आणि दार उघडं असताना, पलीकडे साबण लावून बसलेलं आख्खं सलून ऐकत असताना, ती म्हणाली, "छान आहे की रे दादा."

एवढंच म्हणाली. पण तेवढं वाक्य दुपारपर्यंत गल्लीच्या टोकाला जाऊन, अंगावर दागिने चढवून परत आलं. नंबरताईनं मशीनवर तपासलं, तेलानं काचबिंदू गेला. संध्याकाळी इस्त्रीवाली मावशी येऊन विचारू लागली, की मोतीबिंदूचं ऑपरेशन रद्द करून तेलच घेऊ का. ताईनं तिला ऑपरेशनच्या तारखेसकट घरी पाठवलं, पण मनात कुठंतरी पाल चुकचुकली. आपण तेलाबद्दल कधी बोललो?

उलगडा झाला तो आठवड्यानं, प्लायवूडच्या दारापाशी. ते दार अलीकडे आपोआप मिटत नव्हतं, खाली काहीतरी पाचर मारलेली होती. ताईनं वाकून ओढून काढली, तर दादाच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली. महिन्यापूर्वी तिनंच औषधाच्या दुकानातून आणून दिलेली. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

ती तशीच आत गेली. दादा मास्तरांच्या चाळीस केसांतले कुठले कापावेत याच्या विचारात होता. तिनं बाटली आरशापुढं ठेवली आणि कधीपासून बंद आहे, ते विचारलं. दादानं सांगितलं, महिना होऊन गेला. म्हणजे त्या दिवशी दाब मोजला, तेव्हाच तीन आठवडे झाले होते.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू आकडा नीट वाचला असतास का?" दादा शांतपणे म्हणाला. "तू नाही तीच काच दोनदा दाखवत लोकांना? मी तुला दाखवली. मशीन तुझं, आकडा तुझा, 'छान आहे' तुझं. आता बोल."

मास्तरांनी खुर्चीतूनच टाळी वाजवली. ताई बाटली उचलून आपल्या दुकानात परत आली. तीस वर्षं लोकांना ज्या खोडीत पकडलं, त्याच खोडीत सख्ख्या भावानं तिला पकडलं होतं, आणि वर मास्तरांसमोर.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जाऊन बसली. बाई हसतील असं तिला वाटलं होतं, त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आकडा खोटा नाही. गांज्यातला नशा आणणारा जो अंश आहे, त्यानं डोळ्यातला दाब उतरतो, हे कितीतरी वर्षांपूर्वीच मोजलेलं आहे. पण उतरतो तो तीन-चार तास. मग परत चढतो. काचबिंदूला चोवीस तास दाब खाली लागतो. म्हणजे दिवसरात्र मिळून सहा-आठ वेळा तेल घ्यावं लागेल, आणि मग वस्तरा कोण धरणार? त्यात अंगातला रक्तदाबही खाली येतो, म्हणजे डोळ्याच्या नसेला रक्त कमी पोचायची भीती. नशा न आणणारा दुसरा अंश असतो, त्याच्या तेलानं तर दाब उतरतच नाही, कदाचित थोडा चढतो. बाटलीत कुठला किती, ते मास्तरांच्या दाढीवाल्यालाही ठाऊक नसणार.

मग ताईनं वहिनीच्या वतीनंही विचारून घेतलं. बाई म्हणाल्या, एका थेंबानं कुणी वेडा होत नाही. पण कोवळ्या वयात रोजची सवय, तीही कडक मालाची, किंवा घरात आधीच मनाचा मोठा आजार असला, तर धोका खरोखर वाढतो. सवयही लागते काहींना. आणि उपयोग अजिबात नाही, असंही नाही. लहान मुलांच्या काही अवघड फिट्सना, कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांना त्यातूनच काढलेली मोजकी औषधं डॉक्टर देतात. काही जुनाट दुखण्यांत थोडा आराम पडतो. साखरेचा आणि कर्करोग पळण्याचा पुरावा मात्र माणसांवर दिसलेला नाही. ताई दवाखान्यातून निघाली, तेव्हा तिच्या हातात जे होतं, ते मास्तरांच्या बाजूनंही पुरेसं नव्हतं आणि वहिनीच्याही.

तिनं दादाशी वाद घातला नाही. वादात दादाला गिऱ्हाइकांची साथ होती. ती फक्त म्हणाली, तू मला एकदा पकडलंस, आता मला एक दिवस दे. उद्या नेहमीसारखं साडेआठला तेल घे, आणि दहाला, दोनला, सहाला माझ्या खुर्चीत ये. आकडा वहिनी लिहितील, मास्तर साक्षीला. आणि फुंकर मारायच्या आधी तू सांगायचंस, दाब कमी वाटतोय की जास्त. दादा हसत कबूल झाला. मास्तर तर इस्त्रीचा शर्ट घालून आले.

दहाला दादा म्हणाला, कमी. आकडा निघाला अठरा. मास्तरांनी वहिनीकडे असं बघितलं, की वहिनीनं पेनच चावलं.

दोनला दादा म्हणाला, कमीच आहे, डोळे कसे हलके वाटताहेत. आकडा निघाला पंचवीस.

सहाला तो शीळ घालत आला. एकदम झकास, म्हणाला, सकाळपेक्षा बरं. ताईनं फुंकर मारली आणि कागद वहिनीपुढं सरकवला. उजवा एकोणतीस, डावा एकतीस.

मशीन बिघडलंय, असं मास्तर म्हणाले. ताई याचीच वाट बघत होती. तिनं त्यांना खांद्याला धरून त्याच खुर्चीत बसवलं. चौदा. मग वहिनीला. पंधरा. मग परत दादाला. तीसच्या आसपासच. मास्तर उठून फ्रेमा बघू लागले.

दादानं कागद उचलून सगळे आकडे परत वाचले. मग म्हणाला, "पण मला तर काहीच वाटलं नाही."

"नाही वाटत, दादा. कुणालाच नाही वाटत. म्हणून तर मशीन आहे." ताई त्याच्यासमोर स्टुलावर बसली. "तू मला फसवलंस, ते ठीकच केलंस. मी एकदाच बघितलं आणि तोंड उघडलं. एक काच दाखवून नंबर सांगितला. ती चूक माझी आहे, आणि मी ती तुझ्या सलूनमध्ये, दार उघडं ठेवून सांगणार आहे."

दादानं मान हलवली. मग हळू आवाजात विचारलं, या महिन्यात किती गेलं असेल. ताई म्हणाली, एका महिन्यात फारसं नाही, पण जे गेलं ते गेलं.

दुसऱ्या सकाळी तिनं खरंच दारात उभं राहून सगळ्या साबणाच्या चेहऱ्यांना सांगितलं. वहिनीनंही उठून कबूल केलं, की तिचा नवरा वेडा झाला नाही, आधी होता तेवढाच आहे. मास्तरांनी तेलाची बाटली खिशात घातली आणि गुडघ्यांपुरती तरी ठेवतो, असं पुटपुटले. ताई म्हणाली, ठेवा, पण गुडघ्यांचं डॉक्टरांना विचारून, आणि घेतल्यावर स्कूटर चालवू नका.

राहिला प्रश्न थेंबांचा. दादाला स्वतःचे थेंब स्वतः घालता येत नव्हते, ते गालावरच जास्त जायचे. त्याला थेंब नकोसे होण्याचं निम्मं कारण हेच होतं, आणि तीन वर्षांत तो ते बोलला नव्हता. ताईनं त्याला त्याच्याच खुर्चीत बसवलं, पाठ मागं टेकवली, मान उशीवर ठेवली. तीस वर्षांत दादा त्या खुर्चीत असा आडवा पहिल्यांदाच पडला होता.

"हे जाळं कधीपासून आहे?" तो वर बघत म्हणाला.

छताच्या कोपऱ्यात ताटाएवढं कोळिष्टक होतं. साबण लावून पडलेली सगळी गिऱ्हाइकं ते वर्षानुवर्षं बघत आली होती, मालकालाच पत्ता नव्हता. ताई म्हणाली, जाळ्याकडे नको, समोरच्या दिव्याकडे बघ. नजर हलवू नकोस. जाळं दिसतंय? दिसतंय, दादा म्हणाला. मग तिनं त्याच्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला.

दादानं डाव्या डोळ्याची उघडझाप केली.

"आता नाही," तो म्हणाला.

"तेवढं गेलेलं आहे," ताई म्हणाली. "बाकीचं आपण सांभाळू. मिटू नकोस डोळा." आणि तिनं थेंब सोडला.

वहिनी लांब झाडू घेऊन आली. दादानं मिटल्या डोळ्यांनीच हात वर केला. "राहू दे ते. आता ते माझ्या कामाचं आहे."

तेव्हापासून सलूनमध्ये सगळं झाडलं जातं, तो कोपरा सोडून. रोज सकाळ-संध्याकाळ दादा स्वतःच्या खुर्चीत आडवा पडतो, दिव्याकडे बघतो आणि उजव्या डोळ्यानं जाळं जागेवर असल्याची बातमी देतो. ताई ती ऐकून घेते, थेंब घालते, आणि दर महिन्याला मशीनचं पांघरूण काढून मोजतेच. नव्या गिऱ्हाइकांना मात्र सलूनच्या स्वच्छतेबद्दल शंका येते. त्यांना मास्तर सांगतात, की ते जाळं औषधी आहे.